जिथे माल वाहन बदलतो

नागपूरपासून न्हावा-शेवा बंदर रस्त्याने सुमारे साडेआठशे किलोमीटर. न्हावा-शेव्याहून रॉटरडॅम, सुएझच्या वाटेने, सुमारे बारा हजार किलोमीटर. नागपूरच्या एखाद्या निर्यातदाराला विचारा, यातला कोणता टप्पा अधिक जड जातो. तो न अडखळता पहिल्याकडे बोट दाखवील. डिझेल, टोल, घाट, ड्रायव्हरचा भत्ता, वाटेत फुटलेला टायर, बंदराच्या दारातली रांग हे सगळे त्या साडेआठशे किलोमीटरांत येते. मालाचा डबा (कंटेनर) एकदा जहाजावर चढला, की पुढच्या बारा हजारांची चिंता जहाज कंपनीने करायची.

पाण्यावरची वाहतूक स्वस्त का, याचे उत्तर साधे आहे. जहाजासाठी रस्ता बांधावा लागत नाही, रूळ टाकावे लागत नाहीत. मालाचे वजन पाणीच तोलून धरते आणि सावकाश चालणाऱ्या जहाजाला फारसे अडवतही नाही. वीस-पंचवीस खलाशांच्या भरवशावर दहा-बारा हजार डबे एका वेळी निघतात. रस्त्यावर तेवढ्यांना पाच-सहा हजार ट्रेलर आणि तितकेच ड्रायव्हर लागतील. देशांतर्गत जलमार्गांची तरफदारी करणाऱ्या सरकारी कागदपत्रांत एक टन माल एक किलोमीटर नेण्याचा खर्च पाण्यावर रुपया-सव्वा रुपया, रेल्वेने दीड रुपयाच्या आत-बाहेर आणि ट्रकने दोन-अडीच रुपये असा मांडलेला असतो. खोल समुद्रातल्या मोठ्या जहाजाचा खर्च त्याच्याही खूप खाली जातो.

म्हणून कारखाना बंदराशी काढावा, असे शाळेच्या भूगोलापासून आपण शिकत आलो आहोत. ते अर्धेच खरे आहे. माल चालत असतो तेव्हा तो फार पैसे खात नाही. तो थांबतो, उतरतो, वखारीत पडून राहतो आणि पुन्हा चढतो, तेव्हा खिसा रिकामा होतो. पोती, पेट्या, पिंपे हमालांच्या पाठीवरून जहाजात जात असत त्या काळी जहाज प्रवासाइतकेच दिवस धक्क्याला बांधलेले असे. अमेरिकेतला माल्कम मॅकलीन हा मूळचा ट्रकवाला. त्याने 26 एप्रिल 1956 रोजी ‘आयडियल एक्स’ या जहाजावर 58 डबे चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. तेव्हाचा हिशेब प्रसिद्ध आहे: सुटा माल जहाजात चढवायला टनामागे 5.83 डॉलर लागत, तोच माल डब्यातून चढवायला 16 सेंटही लागले नाहीत. समुद्र तितकाच लांब राहिला होता. स्वस्त झाली ती चढ-उतार.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ एडगर हूवर याने 1948 मध्ये या विषयावर जे लिहिले त्याचे सार असे: कारखान्याने एक तर कच्च्या मालाशी बसावे, एक तर गिऱ्हाइकाशी, नाहीतर जिथे मालाला वाहन बदलावेच लागते तिथे. अधल्यामधल्या जागी बसणारा दोन्हीकडून मार खातो, कारण त्याच्यामुळे चढ-उताराची एक खेप विनाकारण वाढते. बंदरात माल जहाजातून उतरणारच आहे. तो वॅगनमध्ये भरण्याऐवजी सरळ भट्टीत टाकला, तर एक खेप वाचली. बंदराशी असण्याचा मूळ फायदा हा आहे. बाकीचे बरेचसे त्यातून निघते.

रायगड जिल्ह्यात पेणजवळ डोलवीला जेएसडब्ल्यूचा पोलाद कारखाना आहे. पेणच्या आसपास कोळसा नाही, पोलादाला पुरेल असे लोहखनिजही नाही. तिथे आहे ती धरमतरची खाडी. एक टन पोलादाला दीड टनाहून अधिक लोहखनिज आणि पाऊण टनाच्या आसपास कोळसा लागतो. म्हणजे बाहेर जाणाऱ्या मालाच्या दुपटीहून जास्त वजन आत आणावे लागते. मोठी जहाजे या खाडीत शिरू शकत नाहीत. ती रत्नागिरी जिल्ह्यात जयगडला माल उतरवतात आणि तिथून लहान जहाजे आणि बार्जेस तो धरमतरच्या जेट्टीवर आणतात. इथे वाहन एकदा जास्तच बदलले, हे खरे. तरीही कारखान्याला ते परवडते, कारण दोन्ही वाहने पाण्यावरची आहेत.

द्रव मालाची गोष्ट आणखी सोपी. मुंबईत माहुलला 1954-55 मध्ये स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल या कंपन्यांचे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. आज ते हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमचे आहेत. टँकर जवाहर द्वीपाला लागतो, नळ जोडला जातो आणि कच्चे तेल समुद्राच्या तळावरच्या वाहिनीतून कारखान्यात पोचते. ना हमाल, ना ट्रक. सिमेंटवाल्यांनी हे पाहून वेगळीच शक्कल लढवली. अंबुजा सिमेंटने 1990 च्या दशकात कोडीनारजवळच्या मूळद्वारकेहून सुटे सिमेंट जहाजात भरून पनवेल आणि सुरतेला आणायला सुरुवात केली. पोती भरायची ती गिऱ्हाइकाच्या जवळ येऊन. सिमेंट हा टनाला कमी भाव असलेला माल. शेकडो किलोमीटर ट्रकने नेला तर भाडेच मालावर बसते. समुद्राने तो मुंबईच्या बांधकामांच्या दारात आणला.

कापसाचा आणि कोळशाचा हिशेब

मुंबईची गिरणगाव म्हणून वाढ कशी झाली, हे सांगताना आपण सहसा शेटजींची धडाडी आणि कामगारांचा घाम यांची गोष्ट सांगतो. ती खरीच आहे. पण त्या गोष्टीखाली वाहतुकीचा एक कोरडा हिशेब आहे आणि माझ्या मते तो पुरेसा सांगितला गेलेला नाही.

रेल्वेआधी वऱ्हाडातला कापूस बैलांच्या पाठीवर लादून घाट उतरत असे. वाटेतच आठवडेच्या आठवडे जात. धूळ बसे, पाऊस आधी आला तर कापूस भिजे, आणि मुंबईत पोचेपर्यंत त्याचा रंगही बदललेला असे. भोर घाटातला गाडीरस्ता 1830 मध्ये खुला झाल्यावर बैलाच्या पाठीवरचे ओझे गाडीवर आले, एवढाच फरक. मग 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. ती चौतीस किलोमीटरची गाडी सगळ्यांना पाठ असते. व्यापाराच्या दृष्टीने तिच्यापेक्षा महत्त्वाची वर्षे पुढची आहेत: 1863 मध्ये भोर घाटातून लोहमार्ग गेला, 1865 मध्ये थळ घाटातून, आणि 1867 मध्ये तो नागपूरला पोचला. मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. लँकेशायरला अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला आणि 1865 मध्ये युद्ध संपताच शेअरबाजार कोसळून अर्धे शहर बुडाले. त्या वेड्या सट्ट्याची कथा रंजक आहे, पण आपल्या विषयाला ती फारशी लागत नाही. लागतो तो 1869 मध्ये खुला झालेला सुएझ कालवा. त्याने मुंबई आणि लंडनमधले समुद्री अंतर सुमारे 40 टक्क्यांनी कमी केले.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये काढलेली पहिली गिरणी ताडदेवला 1856 मध्ये सूत काढू लागली. यंत्रे इंग्लंडहून, ती चालवणारे इंजिनिअर इंग्लंडहून. कोळसासुद्धा कित्येक वर्षे बाहेरूनच जहाजाने येई, कारण बंगालचा कोळसा रेल्वेने मुंबईला आणणे महाग पडे. आणि तयार सुताचे मोठे गिऱ्हाईक होते चीन. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालापैकी एक कापूस सोडला तर सगळे समुद्रावरून जात-येत होते. गिरण्या मुंबईत आल्या, कारण त्यांच्या गरजेची बहुतेक वाहने मुंबईतच थांबत होती.

जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर याने 1909 मध्ये कच्च्या मालाचे दोन प्रकार सांगितले. कापसासारखा माल कारखान्यात शिरताना जेवढा असतो, सूत होऊन बाहेर पडताना त्याहून थोडाच कमी भरतो. म्हणून कापूस वाहून नेला काय किंवा सूत नेले काय, भाड्यात फार फरक पडत नाही. कोळसा मात्र जळून जातो. त्याचे एक किलोही मालाबरोबर बाहेर पडत नाही, आणि आणायचे भाडे पूर्ण द्यावे लागते. म्हणजे सूतगिरणीने कापसामागे धावायची गरज नव्हती. कोळशामागे धावायची होती. मुंबईत कोळसा धक्क्यावर उतरत होता.

हा हिशेब सर्वांत आधी कोणी पुरता ओळखला असेल, तर तो मुंबईतच गिरणी चालवून पाहिलेल्या जमशेटजी टाटांनी. त्यांनी पुढची गिरणी नागपूरला काढायचे ठरवले. 1 जानेवारी 1877 रोजी ती ‘एम्प्रेस मिल’ या नावाने सुरू झाली. बंदर सोडून आठशे किलोमीटर आत जाणाऱ्या माणसाला मुंबईच्या सावकारांनी वेड्यात काढले असल्यास नवल नाही. पण नागपूरला कापूस शेजारी होता, वरोऱ्याच्या खाणीतला कोळसा जवळ होता आणि कापड विकत घेणारा ग्राहकही त्याच प्रांतात होता. चीनकडे पाहणाऱ्या गिरणीला बंदर हवे होते. मध्य प्रांतातल्या गिऱ्हाइकाकडे पाहणाऱ्या गिरणीला ते नको होते. एम्प्रेस मिलने चांगला नफा कमावला. बंदराशी जाणाऱ्याने आधी आपला माल कुठून येतो आणि कुठे जातो हे पाहावे, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढे टाटांच्याच खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज 1915 मध्ये मुंबईला पोचली आणि गिरण्यांना कोळशाची गरज हळूहळू उरली नाही. चीनची सुताची बाजारपेठ जपानने घेतली. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी गिरण्या समुद्राकाठी आल्या होत्या, त्या दोन्ही गेल्या. राहिली ती महागडी जमीन. गिरणगाव संपण्याची कारणे अनेक आहेत आणि 1982 चा संप हे त्यातले सर्वांत परिचित; पण वाहतुकीचा जो पाया होता, तो त्याच्या पन्नास वर्षे आधीपासून खचत होता.

तीस मीटरचे दार

खुद्द बंदराचीही हीच गत झाली. मुंबई पोर्ट ट्रस्ट 1873 मध्ये स्थापन झाला. ससून डॉक 1875 चा, प्रिन्सेस डॉक 1880 चा, व्हिक्टोरिया डॉक 1888 चा आणि अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, 1914 ची. मुंबईच्या समुद्रात मोठ्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार-पाच मीटरांनी खालीवर होते. म्हणून गोदीला दरवाजे बसवून आतले पाणी कोंडून ठेवावे लागे. इंदिरा गोदीच्या या जलद्वाराची लांबी सुमारे 228 मीटर आणि रुंदी 30 मीटरच्या किंचित वर. 1914 मध्ये हे दार भव्य होते. पण पनामा कालव्याच्या जुन्या दरवाज्यांतून जेमतेम जाणारी जहाजे 32 मीटर रुंद असतात. त्या मापाची जहाजे जगभर नेहमीची झाली तेव्हा मुंबईच्या मुख्य गोदीचे दार त्यांना दोन मीटरने अपुरे पडले. बाहेरच्या धक्क्यांवर काम चालले, तरी पाण्याची खोली कमीच.

जमिनीकडच्या बाजूची अडचण याहून मोठी होती. गोदीच्या भिंतीला लागून शहर. अवजड गाड्यांना दिवसा बंदी, रात्री रांग. डबे रचायला मोकळी जागा नाही. म्हणून खाडीपलीकडे उरणजवळ नवे बंदर बांधले आणि 26 मे 1989 रोजी ते सुरू झाले. या जवाहरलाल नेहरू बंदराने, म्हणजेच न्हावा-शेव्याने, 2024-25 मध्ये सुमारे 73 लाख डबे हाताळले, वीस फुटी डबा हे माप धरून. जुन्या मुंबई बंदराकडे आता मुख्यतः तेल, पोलाद, निर्यातीच्या मोटारी आणि प्रवासी जहाजे आहेत. चाकणला बनलेल्या मोटारी जहाजात चढतात त्या इथूनच.

गंमत अशी, की बंदर हलले तरी शहर हलले नाही; उद्योग मात्र हलले. भिवंडीत गोदामांची अख्खी नगरी वसली. महामार्ग जवळ, जमीन स्वस्त, आणि जकात होती तोवर मुंबईच्या जकात नाक्याबाहेर. तळोजा, पाताळगंगा, रसायनी इथल्या रसायन कारखान्यांना बंदर एकदम दारात आले. बंदराच्या स्वतःच्या जमिनीवर 277 हेक्टरांचे विशेष आर्थिक क्षेत्र आखले गेले. आज ‘बंदराच्या शहरात व्यवसाय’ म्हणायचे तर नरिमन पॉइंटच्या कार्यालयापेक्षा उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या गोदामाला ते अधिक लागू पडते.

दारातली रांग

निर्यातीचा डबा निघतो कसा, ते पाहू. आधी जहाज कंपनीच्या यार्डातून रिकामा डबा उचलायचा. तो कारखान्यात आणायचा, भरायचा, सील लावायचे. मग सीमाशुल्काची कागदपत्रे, आणि जहाजाची ‘कट-ऑफ’ वेळ संपायच्या आत डबा बंदराच्या दारातून आत. कट-ऑफ चुकली तर पुढचे जहाज, आणि ते बहुधा आठवड्याने. तिकडे गिऱ्हाइकाची मुदत आणि बँकेचे पतपत्र दोन्ही वाट पाहत नाहीत.

समजा, एक कारखाना तळोज्यात आहे आणि एक नागपूरला. तळोज्याचा ट्रेलर सकाळी रिकामा डबा आणतो, दुपारी भरतो, रात्री आत टाकतो. महिन्यात वीस-बावीस फेऱ्या सहज होतात. नागपूरच्या ट्रेलरला जाऊन-येऊन चार-पाच दिवस लागतात. महिन्यात सहा फेऱ्या झाल्या तर नशीब. ट्रेलरचा हप्ता दोघांचाही तेवढाच. शिवाय नागपूरला आयात कमी, म्हणून रिकामे डबे कमी. ते बाहेरून आणायचे तर हवा वाहून आणल्याचे भाडे पडते. रेल्वेने जोडलेला आतला डेपो ही अडचण बरीच हलकी करतो, पण गाडीभर डबे जमेपर्यंत थांबावे लागते. तळोज्याचा कारखानदार शेवटच्या दिवशीही माल भरू शकतो. नागपूरवाल्याला आठवडाभर आधी तो तयार ठेवावा लागतो, आणि त्या आठवड्याचे व्याज कुठल्याही भाडेपत्रकात छापलेले नसते.

लहान निर्यातदाराला याहून मोठा फायदा आहे, आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. त्याचा माल अख्खा डबा भरण्याइतका नसतो. बंदराच्या आसपास माल एकत्र करणारे एजंट असतात. ते पाच-दहा जणांच्या पेट्या एका डब्यात भरून हॅम्बुर्गला किंवा जेबेल अलीला पाठवतात. जहाजे जितकी जास्त, तितके असे डबे जास्त वेळा निघतात. सुट्या भागांचा एखादा छोटा कारखानदार दर आठवड्याला चार पेट्या पाठवू शकतो, त्या साठवून ठेवत नाही. मोठ्या बंदराची खरी देणगी जहाजांची ही वारंवारता आहे. शेजारच्या लहान बंदरात धक्का रिकामा असला आणि भाडे कमी असले, तरी जहाजच पंधरवड्याने येत असेल तर त्याचा उपयोग नाही. आयातदाराचीही तीच कथा. डबा बंदरात मोफत मुदतीपेक्षा जास्त पडला की डिमरेज, जहाज कंपनीला उशिरा परत केला की डिटेन्शन. 2016 पासून न्हावा-शेव्याला विश्वासू आयातदारांना डबा मधल्या गोदामात न पाठवता धक्क्यावरून थेट कारखान्यात न्यायची सोय मोठ्या प्रमाणावर मिळू लागली. ज्याचा कारखाना तासाभरावर आहे, त्याला या सोयीचा पुरेपूर उपयोग. मध्य प्रदेशातल्या माणसाला ती कागदावरच गोड.

आता नाशिकची द्राक्षे घ्या. नाशिक बंदराचे शहर नाही, पण दोनशे किलोमीटर म्हणजे एका रात्रीची वाट. सकाळी काढलेला माल शीतगृहात गार केला, शून्य ते एक अंश तापमान राखणाऱ्या डब्यात भरला, की दुसऱ्या दिवशी तो बंदरात वीजजोडणीवर असतो. पुढे युरोप तीन आठवड्यांवर. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बहुतेक कंपन्यांनी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. प्रवास दहा दिवस ते दोन आठवड्यांनी लांबला. बंदर जवळ असल्याचा फायदा जमिनीवरचा असतो. त्यापलीकडे नाशिकच्या बागाइतदाराचे काही चालत नाही.

आणि जवळचे बंदर बेभरवशाचे निघाले तर व्यापारी लांबचे धरतो, हे आजचे नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तेर इथला माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जात असल्याची नोंद आहे. पैठण भडोचपासून वीस दिवसांवर, तेर तिथून आणखी दहा. नाणेघाट उतरून कल्याण कितीतरी जवळ होते. पण त्याच ग्रंथात असेही आहे, की कल्याणच्या व्यापाराला सत्ताधीशांनी आडकाठी केली होती आणि तिथे चुकून गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. तेरच्या विणकराची मलमल जादा अंतर तुडवत होती, कारण भडोचला ती नक्की जहाजावर चढत होती.

बंदराशी राहण्याची किंमतही असते. 1896 मध्ये प्लेगचे पहिले रुग्ण सापडले ते मुंबईच्या मांडवीत, गोदीलगतच्या धान्याच्या वखारींच्या वस्तीत. मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ते ओळखले. पाठोपाठ परदेशी बंदरांनी मुंबईच्या जहाजांवर निर्बंध घातले आणि गिरण्यांतले कामगार गावी पळाले. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकत्र होती. आग लागली, जहाज फुटले आणि शेजारच्या वस्तीत शेकडो माणसे मेली.

न्हावा-शेव्याची किंमत उरणच्या भातशेतकऱ्यांनी आणि मिठागरवाल्यांनी मोजली. जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. कारखानदाराच्या भाडेपत्रकात हा खर्च दिसत नाही. पण बंदर ‘मोकळ्या किनाऱ्यावर’ बांधले असे जेव्हा कोणी लिहितो, तेव्हा तो किनारा मोकळा नव्हता हे लक्षात ठेवावे.

आता पालघर जिल्ह्यात वाढवणला नवे बंदर होणार आहे. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 76,220 कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली, ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. तिथे नैसर्गिक खोली सुमारे 20 मीटर आहे आणि पूर्ण झाल्यावर वर्षाला दोन कोटींहून अधिक डबे हाताळण्याची आखणी आहे. मच्छीमारांचा विरोध आहे आणि त्यांची बाजू ऐकल्याशिवाय पुढे जाणे शहाणपणाचे नाही. दरम्यान डहाणू-पालघर पट्ट्यात जमिनीच्या चौकशा वाढल्या असतील, तर त्यात आश्चर्य काय? त्या चौकशा करणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. समुद्र किती खोल हे विचारू नका, ते सरकारने मोजले आहे. बंदरापासून मुंबई-अहमदाबाद महामार्गापर्यंतचा रस्ता आणि मालगाड्यांच्या स्वतंत्र मार्गाला मिळणारा फाटा कधी पुरा होतो, तिथे रिकामे डबे ठेवायला यार्ड कुठे आहे, आठवड्याला किती जहाजे तुमच्या गिऱ्हाइकाच्या बंदराकडे निघणार आहेत, हे विचारा. ही उत्तरे लेखी हातात येईपर्यंत सातबाऱ्यावर पैसे लावू नका.